घरी बर्न केलेली सीडी दुसऱ्याच्या प्लेअरवर का चालत नाही?

"अगं, यात काहीच नाहीये. नुसतं 'नो डिस्क' येतंय." आत्याचा कोल्हापूरहून फोन आला तेव्हा त्याच सीडीची जुळी प्रत माझ्या कॉम्प्युटरवर खणखणीत वाजत होती. आजीच्या वर्षश्राद्धाला मी चौदा घरांत तिच्या जात्यावरच्या ओव्यांची सीडी दिली होती. बाबांनी १९९४ साली गावच्या घरी, पाटण तालुक्यात, जात्याशेजारी टेपरेकॉर्डर ठेवून केलेलं ते रेकॉर्डिंग. दोनच कॅसेट, त्यातल्या एकीला बुरशी लागलेली. ते सगळं कॉम्प्युटरवर उतरवायला मला दोन महिने लागले होते, आणि चौदापैकी सहा घरांत ते वाजलंच नाही.

हे दुखणं माझ्या एकटीचं नाही. डिस्क बर्न होते, काम यशस्वी झाल्याचा मेसेज येतो, ट्रे बाहेर येतो. आपण तो परत आत ढकलतो, एक गाणं ऐकतो आणि निर्धास्त होतो. मग कुणाच्या गाडीतून ती बाहेर फेकली जाते, कुणाच्या डीव्हीडी प्लेअरमध्ये नुसतीच गरगरत राहते, कुणाकडे सातव्या गाण्याला अडखळते. सीडी कशाला, पेन ड्राइव्ह द्या की, असं पुष्कळजण सुचवतात. पण आत्याच्या ज्या टू-इन-वनवर रोज सकाळी अभंग लागतात, त्याला पेन ड्राइव्ह लावायला जागाच नाही. तिला झाकण उघडायचं, सीडी ठेवायची आणि एक बटण दाबायचं एवढंच ठाऊक आहे, आणि तेवढ्यात तिला तिच्या आईचा आवाज ऐकू यायला हवा, असं मला मनापासून वाटत होतं.

आत्याची सीडी मी चार वेळा केली. पहिल्या तीन प्रती तीन निरनिराळ्या कारणांनी अडल्या. नंतर भजनी मंडळासाठी, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी, ओळखीपाळखीत बऱ्याच डिस्क केल्या, तेव्हा लक्षात आलं की बहुतेक तक्रारी याच तीन-चार कारणांपाशी येऊन थांबतात.

आधी प्लेअर काय म्हणतो ते विचारा

"चालत नाही" एवढं ऐकून लगेच दुसरी डिस्क बर्न करायला बसू नका. मी तशा आठ-दहा डिस्क वाया घालवल्या. फोनवरच नीट विचारून घ्या. प्लेअर 'नो डिस्क' म्हणतो की 'एरर' म्हणतो? गाण्यांची संख्या दाखवतो का? दाखवत असेल तर ती बरोबर आहे का? वाजायला लागून मध्येच अडतो का, आणि अडतो तो सुरुवातीला की शेवटाकडे? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, दुकानातून आणलेली, कंपनीची छापील सीडी त्याच प्लेअरवर नीट चालते का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "तीसुद्धा हल्ली अडकते" असं आलं तर तुमच्या डिस्कला दोष देऊ नका. प्लेअरच्या लेन्सवर धूळ बसली आहे किंवा त्याचा लेझर थकला आहे. छापील सीडी ठणठणीत चालत असेल आणि तुमची अजिबात ओळखली जात नसेल, तर डिस्क बंद न केलेली (लिखाण पूर्ण करून मिटवलेली नसलेली) आहे, चुकीच्या प्रकारात लिहिलेली आहे किंवा रीरायटेबल, म्हणजे पुसून पुन्हा लिहायची आहे. गाण्यांची संख्या कमी दिसत असेल तर सेशनची, म्हणजे एकच डिस्क वेगवेगळ्या खेपांत लिहिल्याची भानगड आहे. शेवटाकडे अडत असेल तर बर्न करण्याचा वेग आणि कोऱ्या सीडीचा दर्जा तपासा.

आपल्याच कॉम्प्युटरवर वाजवून बघण्याला फारसा अर्थ नसतो, याचंही कारण आहे. लिहिणारा ड्राइव्ह हा वाचण्याच्या बाबतीत सगळ्यात समजूतदार असतो. अर्धवट लिहिलेली, बंद न केलेली, फिकट परावर्तन देणारी डिस्कसुद्धा तो वाचतो, कारण पुढचं लिहायचं तर आधीचं वाचता यायलाच हवं. वर विंडोजला शेकडो प्रकारच्या फाइली कळतात. आत्याच्या टू-इन-वनला मात्र ऑडिओ सीडी हा एकच प्रकार कळतो. १९८२ साली सोनी आणि फिलिप्स यांनी जी सीडी बाजारात आणली, तेवढीच.

पहिली प्रत: ती ऑडिओ सीडी नव्हतीच

विंडोज ७ मध्ये कोरी सीडी घातली की ती कशी वापरणार असं विचारणारी एक खिडकी येते. पहिला पर्याय यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी, दुसरा पर्याय सीडी किंवा डीव्हीडी प्लेअरसाठी. मी पहिला निवडला, एमपी३ फाइली ओढून टाकल्या आणि काम झालं असं समजले. या पर्यायाने डिस्कवर फाइली ठेवायची जी पद्धत वापरली जाते, ती घरातल्या बहुतेक प्लेअरना ओळखताच येत नाही. कॉम्प्युटरला ती पेन ड्राइव्हसारखी दिसते, प्लेअरला कोरी.

दुसरा पर्याय प्लेअरसाठी म्हणून दिलेला असला तरी त्यातही एक खाच आहे. त्याने बनते ती डेटा डिस्कच. ज्या प्लेअरवर एमपी३ असं लिहिलेलं आहे तो ती वाजवेल. आत्याच्या यंत्रासारखा जुना प्लेअर नाही वाजवणार. त्याला हवी असते ऑडिओ सीडी, जिच्यात फाइल नावाची गोष्टच नसते. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, दोन चॅनल, आणि सुरुवातीला कोणतं गाणं कुठे सुरू होतं याची एक यादी. बस्स. विंडोज मीडिया प्लेअरमध्ये बर्नच्या टॅबवर गेलं की पर्यायांत 'ऑडिओ सीडी' आणि 'डेटा सीडी' असे दोन वेगळे प्रकार दिसतात. तिथे 'ऑडिओ सीडी'च निवडायला हवी. इतर बर्निंग सॉफ्टवेअरमध्येही अगदी सुरुवातीलाच हा प्रश्न असतो.

आपण काय बनवलंय ते ओळखायची सोपी खूण सांगते. डिस्क कॉम्प्युटरमध्ये उघडा. एमपी३ फाइली आपल्या नावांनिशी दिसल्या तर ती डेटा डिस्क. 'ट्रॅक०१', 'ट्रॅक०२' अशा एकाच नमुन्याच्या, प्रत्येकी १ केबीच्या, सीडीए शेपटीच्या फाइली दिसल्या तर ती ऑडिओ सीडी. या चिमुकल्या फाइलींनी आमच्या धाकट्या काकांना चांगलंच फसवलं. माझ्याकडून गेलेल्या चांगल्या सीडीवरच्या त्या सगळ्या फाइली त्यांनी कॉपी केल्या आणि मित्रांसाठी दुसऱ्या सीडीवर लिहून दिल्या. त्या ४४ बाइटांच्या फाइलींत आवाज नसतोच. तो फक्त गाण्याचा पत्ता असतो, आणि घर मागेच राहिलेलं असतं. ऑडिओ सीडीवरून गाणी काढायची तर ती कॉपी न करता 'रिप' करावी लागतात, म्हणजे सॉफ्टवेअरने आवाज वाचून त्याच्या नव्या फाइली बनवाव्या लागतात.

ऑडिओ सीडी करताना एमबीचा हिशोब विसरा. तिथे फक्त मिनिटं मोजायची, जास्तीत जास्त ८०. १२८ केबीपीएसच्या १०० एमबी एमपी३ म्हणजे जवळपास पावणेदोन तासांचा ऐवज. तो ७०० एमबीच्या सीडीवर ऑडिओ म्हणून मावत नाही, कारण बर्न होताना तो उलगडून दर मिनिटाला १० एमबीच्या आसपास होतो. "शंभरच एमबी आहे, तरी सॉफ्टवेअर जागा नाही म्हणतंय" ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता फोनवर आधी मिनिटंच विचारते.

गाडीतल्या एमपी३ प्लेअरसाठी डेटा डिस्क चालते, पण तिथेही साधेपणा बरा. फाइल खरोखर एमपी३ असावी. फोनवर रेकॉर्ड झालेल्या एम४ए फाइलीचं नुसतं नाव बदलून ती एमपी३ होत नाही. मोठ्या काकांच्या गाडीत देवनागरी नावांच्या जागी चौकोन आले आणि क्रमही उलटापालटा झाला. मग मी इंग्रजी अक्षरांत छोटी नावं दिली आणि पुढे इंग्रजी आकड्यांत शून्यासकट क्रमांक टाकले, तेव्हा सगळं रांगेत आलं.

'सहाच ओव्या आहेत' म्हणजे काय?

पुण्याच्या काकूंची तक्रार वेगळी होती. सीडी चालते, पण सहाव्या ओवीनंतर संपते. डिस्कवर तर सोळा होत्या.

झालं होतं असं की पहिल्या सहा ओव्या मी शनिवारी लिहिल्या आणि डिस्क उघडी ठेवली. बाकीच्या रविवारी त्याच डिस्कवर वाढवल्या. असं दर वेळी स्वतंत्र लिहिलं की प्रत्येक खेपेचं एक सेशन होतं आणि प्रत्येक सेशनची आपली वेगळी यादी. साधा ऑडिओ प्लेअर पहिली यादी वाचतो आणि तिथेच थांबतो. पुढे आणखी काही लिहिलेलं असेल असं त्याला कधी सांगितलेलंच नाही.

याहून वाईट म्हणजे सेशन मुळीच बंद न करणं. तेव्हा गाण्यांची यादी डिस्कच्या आतल्या एका तात्पुरत्या जागी असते आणि ती फक्त लिहिणारे ड्राइव्ह वाचतात. इतर प्लेअरला यादीच मिळत नाही आणि तो 'नो डिस्क' म्हणतो. बर्निंग सॉफ्टवेअरमध्ये 'फायनलाइज डिस्क' किंवा 'क्लोज डिस्क' अशी जी खूण असते, ती यासाठी. ती न करता राहून गेलेली डिस्क फेकू नका. कुठल्याही बर्नरमध्ये घालून नंतरही बहुतेक वेळा ती बंद करता येते. छोट्या ८ सेंटीमीटरच्या डीव्हीडीवर थेट लिहिणारे कॅमकॉर्डर किंवा टीव्हीला जोडायचे डीव्हीडी रेकॉर्डर असतील तर मात्र ज्या यंत्रावर लिहिली त्याच यंत्रावर ती फायनलाइज करावी. ते यंत्र विकायच्या किंवा भंगारात द्यायच्या आधी घरातल्या सगळ्या डिस्क बंद करून घ्या, हे मी प्रत्येकाला बजावून सांगते. आणि ही छोटी डिस्क गाडीच्या फटीसारख्या तोंडाच्या प्लेअरमध्ये कधीही सारू नका. ती आत अडकते.

डिस्क खिडकीशी नेऊन खालची बाजू उजेडात तिरकी धरली तर हे सगळं डोळ्यांनीही बरंचसं दिसतं. लिहिलेला भाग मधल्या भोकापासून सुरू होऊन बाहेर पसरत जातो आणि त्याचा रंग उरलेल्या कोऱ्या भागापेक्षा किंचित वेगळा असतो. हिरवट डिस्कवर तो जरासा गडद भासतो. जिथे लिखाण संपतं तिथे एक स्वच्छ गोल रेघ दिसते. काकूंच्या डिस्कवर असे दोन पट्टे होते आणि मध्ये केसाइतकी फट. शनिवार आणि रविवार.

ओव्यांसाठी मी आता 'डिस्क-ॲट-वन्स' हाच प्रकार निवडते. म्हणजे पहिल्या क्षणापासून शेवटच्यापर्यंत लेझर न थांबता एका दमात सगळी डिस्क लिहितो आणि शेवटी ती आपोआप बंद होते. याचा दुसरा फायदाही आहे. 'ट्रॅक-ॲट-वन्स'मध्ये दर दोन गाण्यांमध्ये दोन सेकंदांची शांतता येते. सिनेमाच्या गाण्यांना ते खपतं. पण आजी एक ओवी संपवून दुसरी उचलायची तेव्हा जात्याची घरघर चालूच असायची, आणि ती मध्येच तुटली की कुणीतरी पिठावर झाकण आपटल्यासारखं वाटायचं.

दुसरी प्रत: रीरायटेबल डिस्क

पहिली चूक कळल्यावर मी आत्यासाठी रीतसर ऑडिओ सीडी केली, डिस्कही बंद केली. फक्त हाताशी असलेली सीडी-आरडब्ल्यू वापरली, चुकलं तर पुसता येईल म्हणून. पुन्हा 'नो डिस्क'.

सीडी वाचणं म्हणजे लेझरचा प्रकाश टाकून किती परत येतो ते बघणं. छापील सीडीवर ७० टक्के किंवा त्याहून जास्त प्रकाश परत येतो. एकदाच लिहायच्या सीडी-आरवर ६५ टक्क्यांच्या वर येतो, म्हणून ती छापील डिस्कच्या जवळपास खपून जाते. सीडी-आरडब्ल्यूवर येतो १५ ते २५ टक्के. हा प्रकार १९९७ च्या सुमारास आला. त्याआधीच्या, आणि त्यानंतरच्याही पुष्कळ स्वस्त प्लेअरमध्ये इतका मंद उजेड ओळखण्याची सोयच नाही. त्यांच्या दृष्टीने झाकणाखाली डिस्क ठेवलेलीच नाही. डीव्हीडी-आरडब्ल्यूचं दुखणंही हेच, आणि दोन थरांच्या लिहायच्या डीव्हीडीवरसुद्धा परतीचा उजेड कमी असतो. दुसऱ्याला द्यायची डिस्क असेल तर रीरायटेबल वापरू नये, हे मी आता नियमासारखं पाळते. आपल्याकडे चाचणीसाठी एखादी असावी, एवढंच.

उलट गंमत जुन्या डीव्हीडी प्लेअरची. डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर लागतो, सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा. सीडी-आरमधला रंगद्रव्याचा थर ७८० साठी बनवलेला असतो आणि ६५० च्या उजेडात तो नीट परावर्तन देत नाही. म्हणून अगदी सुरुवातीचे, एकाच लेझरचे काही डीव्हीडी प्लेअर छापील सीडी वाजवतात, डीव्हीडीही वाजवतात, पण घरी लिहिलेली सीडी-आर नाकारतात. असा प्लेअर असेल तर तीच गाणी डीव्हीडीवर देणं हा एक उपाय.

तिसरी प्रत: शेवटाकडे अडखळणं

या खेपेला चांगली सीडी-आर, ऑडिओ सीडी, डिस्क-ॲट-वन्स, सगळं बरोबर. आत्याचा फोन आला तो रडवेला. "वाजली गं वाजली! आईचा आवाज आला." मग दोन तासांनी दुसरा फोन. बाराव्या ओवीनंतर आवाज थांबून थांबून येतो आणि चौदावीला प्लेअर मुकाट्याने बंद पडतो.

सीडी आतून बाहेर वाचली जाते, ग्रामोफोनच्या तबकडीच्या उलट. शेवटची गाणी बाहेरच्या कडेला असतात. मी ड्राइव्हच्या कमाल वेगाने, ५२ एक्सने, म्हणजे सीडी वाजण्याच्या नेहमीच्या वेगाच्या ५२ पटीने, डिस्क लिहिली होती. असे वेगवान ड्राइव्ह आतल्या बाजूला बरेच सावकाश लिहितात आणि बाहेर सरकतील तसा वेग चढवत नेतात. खरे ५२ एक्स येतात ते अगदी कडेपाशी. तिथे लेझरला प्रत्येक खूण भाजायला अत्यंत कमी वेळ मिळतो. खुणांच्या लांबीत बारीक चुका होतात. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह त्या दुरुस्त करून घेतो, थकलेल्या लेन्सचा टू-इन-वन घेऊ शकत नाही. शिवाय कडेला धूळ, बोटांचे ठसे आणि डिस्कचा किंचित वाकही जास्त भोवतो.

मी चौथी प्रत १६ एक्सने लिहिली. पाच-सहा मिनिटं लागली, वेगाने लिहिली असती तर तीनात झाली असती. सोबत ओव्याही थोड्या कमी केल्या, म्हणजे ६२ मिनिटांवर थांबले आणि बाहेरची कड कोरी राहिली. ही प्रत आत्याकडे शेवटपर्यंत वाजते.

इथे एक समज दुरुस्त करायचा आहे. हळू म्हणजे चांगलं, मग १ एक्स सर्वांत चांगलं, असं पुष्कळजण सांगतात. जुन्या डिस्कच्या काळात ते खरं होतं. आताच्या वेगवान डिस्कवरचं रंगद्रव्य वेगाने भाजण्यासाठीच बनवलेलं असतं, आणि फार सावकाश लिहिलं की तेही बिघडतं. बऱ्याच नव्या ड्राइव्हमध्ये इतका कमी वेग मिळतही नाही. सीडीसाठी १६ ते २४ एक्स आणि १६ एक्सच्या डीव्हीडीसाठी ४ ते ८ एक्स, हे मला सगळीकडे धार्जिणं ठरलं आहे. लिहीत असताना कॉम्प्युटरवर दुसरं काही जड काम लावू नका.

कोऱ्या सीडीचा दर्जा हा अर्धा खेळ आहे. आपल्याकडे अनेक वर्षं नोएडाच्या मोसर बेअरच्या डिस्क घरोघर होत्या. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून अवसायनात गेली. आता बाजारात उरलेला माल बऱ्याचदा जुना असतो. बिननावाच्या, सुट्या, प्लास्टिकच्या पिशवीतून मिळणाऱ्या डिस्कवर घरातली एकुलती एक गोष्ट लिहू नका. सीडी दिव्यासमोर धरली आणि चंदेरी थरातून सुईच्या टोकासारखे उजेडाचे ठिपके आरपार दिसले तर ती लिहायच्या आधीच बाजूला ठेवा.

डीव्हीडीचं दुखणं

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचं चित्रीकरण होतं, त्याचीही डीव्हीडी केली. इथे नव्वद टक्के वेळा घोटाळा एकच: एमपी४ फाइल जशीच्या तशी डीव्हीडीवर टाकणं. जुना प्लेअर डीव्हीडी व्हिडिओ मागतो, म्हणजे 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर आणि त्यात एमपेग-२ मधलं चित्र, १ जीबीपेक्षा मोठी नसलेली व्हीओबी फाइलींची रांग, शिवाय त्यांची माहिती देणाऱ्या आयएफओ फाइली. नुसतं एमपेग-२ करूनही भागत नाही. डीव्हीडी स्टायलरसारख्या ऑथरिंग सॉफ्टवेअरमधून ती पूर्ण रचना बनवावी लागते. तिथून तयार झालेलं फोल्डर किंवा आयएसओ फाइल (सगळी डिस्क एकाच फाइलीत) बर्न करताना डेटा म्हणून इतर गोष्टी त्यात मिसळू नका.

चित्राचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लागणारा डेटा, कमाल मर्यादेपर्यंत ताणू नका. नियमात चित्राला सेकंदाला ९.८ मेगाबिटपर्यंत परवानगी आहे, पण घरी लिहिलेल्या डिस्कवर जुने प्लेअर तिथे धापा टाकतात. ६ ते ७ मध्ये चित्र छान दिसतं. ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर विंडोजच्या मोजणीने ४.३८ च्या आसपासच जागा असते, आणि तीही काठोकाठ भरू नये.

डीव्हीडी मायनस-आर आणि प्लस-आर यांतलं काय घ्यावं, असं विचाराल तर जुन्या प्लेअरसाठी मायनस. प्लस-आर वापरायचीच असेल तर काही बर्नरमध्ये तिची ओळख छापील डीव्हीडीसारखी नोंदवण्याची सोय असते, ती चालू करावी. त्याने बरेच हट्टी प्लेअर ऐकतात.

माझी चुलत बहीण न्यू जर्सीत असते. तिच्याकडे डीव्हीडी लागली नाही तेव्हा तिने "इंडियाची डिस्क इथे चालत नाही, रीजन वेगळा" असं सांगितलं. कंपनीच्या डीव्हीडी ठरावीक देशांतच चालाव्यात म्हणून जगाचे असे रीजन पाडलेले आहेत; भारत रीजन ५ मध्ये, अमेरिका १ मध्ये हे खरं, पण घरी बनवलेल्या डिस्कवर रीजनचं कुलूप सहसा नसतंच. अडसर होता तो पाल आणि एनटीएससी या टीव्हीच्या दोन चित्रपद्धतींचा. आपल्याकडचं चित्र ५७६ ओळींचं, सेकंदाला २५ फ्रेमचं; तिकडच्या प्लेअरला ४८० ओळी आणि २९.९७ फ्रेम लागतात. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही दाखवतात, तिकडे विकत घेतलेले सहसा नाहीत. ऑथरिंग करताना एनटीएससी निवडून तिच्यासाठी वेगळी प्रत केली. तोपर्यंत ती पहिली डिस्क लॅपटॉपवर बघत होती, कारण कॉम्प्युटरला या भेदाने फरक पडत नाही. परदेशी नातेवाइकांना लग्नाची, मुंजीची डीव्हीडी पाठवताना स्टुडिओवाल्यांना हे आधीच सांगून ठेवा.

स्टिकर, पेन आणि हात

मोठ्या हौसेने मी सीडींवर आजीच्या फोटोचे गोल कागदी स्टिकर चिकटवले होते. त्यातला एक केसभर सरकलेला. वेगाने फिरताना तेवढ्यानेही तोल जातो. शिवाय पावसाळ्यात कागद ओल धरतो, कड सुटते आणि गाडीच्या प्लेअरमध्ये डिस्क अडकून बसते. मोठ्या काकांच्या गाडीत नेमकं तेच झालं. डॅशबोर्ड उघडावा लागला. त्यानंतर स्टिकर बंद. सीडी मार्कर म्हणून मिळतो त्या मऊ टोकाच्या पेनाने लिहिते, शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर. बॉलपेन चुकूनही नको. सीडीत आपला मजकूर वरच्या, नाव लिहायच्या बाजूला लाखेच्या पातळ थराखाली असतो; खालच्या बाजूला मात्र जवळपास सगळं १.२ मिलिमीटरचं प्लास्टिक आहे. म्हणून खालचा चरा पॉलिशने बुजवता येतो, वरचा ओरखडा थेट गाणं खरवडून नेतो. पुसायची तर मऊ सुती कापडाने, भोकापासून कडेकडे सरळ. गोल गोल पुसलं की चरा ट्रॅकच्या दिशेने पडतो, सलग बराच मजकूर झाकतो आणि प्लेअरला तेवढा भरून काढता येत नाही.

गाडीच्या काचेखाली किंवा खिडकीत उन्हात डिस्क ठेवू नका. लिहिलेल्या डिस्कमधलं रंगद्रव्य उन्हाने आणि उष्णतेने फिकं होतं. छापील डिस्कला हा धोका एवढा नाही, म्हणून लोक निष्काळजी राहतात.

आता मी कसं करते

देणाऱ्याने आधी विचारायचं: कशावर ऐकणार? त्यावरून ऑडिओ, एमपी३ की डीव्हीडी ते ठरतं. लिहून झाल्यावर सॉफ्टवेअरमधलं 'व्हेरिफाय' चालवते, पण त्यावर विसंबत नाही. ते फक्त माझ्या ड्राइव्हचं मत. घरातला एक जुना टू-इन-वन मुद्दाम दुरुस्त करून ठेवला आहे. त्याच्यावर पहिलं गाणं आणि शेवटचं गाणं वाजलं की डिस्क पाकिटात जाते. शेवटचं गाणं ऐकल्याशिवाय मी कुणालाही डिस्क देत नाही.

आणि एखादी जुनी, दुसऱ्याने दिलेली डिस्क अडत असेल, मूळ फाइल कुणाकडेच नसेल, तर घाईने ती परत परत प्लेअरमध्ये घालू नका. साबणाच्या कोमट पाण्याने हलक्या हाताने धुऊन सुकवा. दोन-तीन वेगवेगळ्या बर्नर ड्राइव्हमध्ये घालून बघा; एकाला न दिसलेली डिस्क दुसऱ्याला दिसते, हे मी अनेकदा अनुभवलंय. वाचण्याचा वेग सॉफ्टवेअरमधून कमीत कमी ठेवा आणि जेवढं मिळेल तेवढं आधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, नंतरच नवी प्रत करा. आमच्या ओव्यांच्या मूळ वेव्ह फाइली दोन वेगळ्या घरांतल्या दोन हार्ड डिस्कवर आहेत. त्या दोन कॅसेट आता वाजत नाहीत.